आधी खुर्ची, मग कातर

अगं,

फोटो पाहिले. झेंडू आडवा, मोगऱ्याच्या कळ्या तपकिरी, मिरचीची फुलं कुंडीभर सांडलेली आणि खाली तुझा प्रश्न, ‘काय काय फवारू?’ काही फवारू नकोस. उद्या सकाळी चहा घेऊन गच्चीत खुर्ची टाक आणि अर्धा तास नुसती बस. अवकाळीनंतरचे दोन-तीन दिवस बागेला आपली फारशी गरज नसते. ऐन मे महिन्यात बाग इतकी बघण्यासारखी पुन्हा कधी होईल, सांगता येत नाही.

दोन कामं तेवढी आधी उरक. कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या कर, कारण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठ-दहा दिवस पुरतात. अडेनियम आणि निवडुंग छपराखाली सरकव, नाहीतर बुडातून सडतील. झालं. आता बस.

आधी कढीपत्ता बघ. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून तर तुझ्या कुंड्यांच्या काठाला तो पांढरा थर धरतो. पावसाच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, उलट मातीत साठलेले धुऊन निघतात. पानांवरची उन्हाळाभराची धूळही गेली. आता शेंड्यांना कोवळी, चकचकीत पालवी फुटेल आणि तिच्या वासावर काळं-पिवळं लिंबू फुलपाखरू येईल. ते एखाद्या कोवळ्या पानावर क्षणभर टेकतं, पोट वाकवतं आणि उडतं. ते पान खालून-वरून नीट बघ. मोहरीहून बारीक, फिकट पिवळं, गोल अंडं दिसेल. त्यातून निघणारी अळी आधी काळपट-पांढरी असते, पक्ष्याची शीट समजून तू झटकून टाकशील अशी. मोठी झाली की हिरवीगार. काडीने हळूच डिवचलीस तर डोक्यामागून नारिंगी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे सगळं घरबसल्या बघायला मिळत असताना तू पंप शोधत होतीस! कढीपत्ता मोठा आहे, चार पानं खाल्ली तरी त्याला कळणारही नाही. लिंबाचं रोप मात्र वीतभर असेल तर अळी उचलून कढीपत्त्यावर सोड.

झेंडू लगेच सरळ करायला जाऊ नकोस. दांडे पाण्याने टच्च भरलेले असतात, जोर लावलास की कट्कन मोडतील. शेंडा एक-दोन दिवसांत आपणच वर वळतो, मग काठीचा आधार दे. खोड जिथे मातीला टेकलंय तिथे थोडी माती ओढ, त्याला मुळं फुटतात. मोगऱ्याच्या भिजलेल्या कळ्या उमलायच्या नाहीत, त्या खुडून टाक. मिरचीची काळजी सोड, फुलं परत येतात.

खरा घोटाळा पाण्याचा होतो. दोन दिवसांनी ऊन तापलं की दुपारी पानं माना टाकतात आणि सगळेजण झारी घेऊन धावतात. खाली माती चिंब असते, मुळांना हवाच मिळत नाही, म्हणूनही पानं मलूल होतात. दोन पेरं बोट मातीत घाल. ओलं लागलं तर झारी परत ठेव आणि बुडाचं भोक तारेने मोकळं कर.

अंधार पडला की शंखी गोगलगायी बाहेर येतील. ओलं गोणपाट पसरून ठेव, सकाळी त्याखाली सापडतील. हातमोजे घालून उचल आणि साबणाच्या पाण्यात टाक. मीठ टाकू नकोस, माती नासते. चकलीसारखा गुंडाळून बसणारा वाणी मात्र राहू दे, तो कुजका पाला खातो.

नर्सरीत जाऊन दोडक्या-कारल्याचं बी आणायची घाई नको. एका पावसाने ऋतू बदलत नाही, परवा पुन्हा ऊन भाजून काढेल. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबई-पुण्यात पोचला होता हे खरं, पण त्यावर हिशेब मांडू नकोस. मृग लागू दे. कुंड्या बदलायचं कामही तोवर थांबव.

आणि तू विचारलंस, गावाकडे लोकांचं नुकसान होत असताना आपण फुलं बघून खूश व्हावं का? हो, व्हावं. तुझ्या चेहरा पाडण्याने कुणाचा भिजलेला कांदा सुकत नाही. या आठवड्यात भाजीवालीशी घासाघीस मात्र करू नकोस.

आता महत्त्वाचं. कठड्याजवळच्या पसरट कुंडीत ते गवत म्हणून उपटायला निघालेली होतीस ना? ते रेन लिलीचे कांदे आहेत, मागच्या भाडेकरूने लावलेले असणार. नळाचं पाणी कितीही घाल, सहसा असा एकदम बहर येत नाही. चांगला पाऊस पडून गेला की तीन-चार दिवसांत रातोरात दांडे निघतात आणि सकाळी कुंडी फुललेली असते. एकेक फूल दोनेक दिवसच टिकतं, तेव्हा गुरुवार-शुक्रवारी ऑफिसला अर्धा तास उशिरा गेलीस तरी चालेल. तुझी गुलाबी असतील असं पानांवरून वाटतंय. माझ्याकडे पांढरी आहेत, भरपूर वाढलीत. रविवारी ये, कांदे देते. येताना दोन रिकाम्या कुंड्या आण, माझ्याकडच्या संपल्यात.

तुझी
मावशी