क्लच स्लिप होणारी डर्ट बाइक: ठेव मोडावी, की नवे कर्ज घ्यावे?

नाशिकमधील मखमलाबादच्या एका तरुण वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ते अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात नोकरी करतात. महिन्याला 26,000 रुपये हातात येतात, घरखर्च भागवून साधारण 5,000 रुपये उरतात आणि त्यातलेच 2,000 रुपये एसआयपीत जातात. बँकेत 60,000 रुपयांची मुदत ठेव आहे. त्यांच्याकडे 2013 सालची, 150 सीसीची हीरो इम्पल्स आहे. ती रोज कामावर जायला लागते आणि रविवारी अंजनेरी, हरसूलकडच्या कच्च्या वाटांवरही फिरते. गेल्या काही महिन्यांपासून चढावर गाडी नुसती रेस होते, ओढत नाही. गॅरेजवाल्याने इंजिन खोलून पूर्ण क्लच असेंब्ली बदलावी लागेल असे सांगून 9,500 रुपयांचा अंदाज दिला आहे. त्यात असेंब्ली 6,800, मजुरी 1,500 आणि ऑइल, पॅकिंग वगैरे 1,200 रुपये धरले आहेत. दुसरीकडे एका शोरूमने ही गाडी चालवून पाहिली आणि 22,000 रुपयांत एक्स्चेंज करून नव्या गाडीसाठी 18,000 रुपये डाउन पेमेंट आणि 1,20,000 रुपयांचे कर्ज सुचवले आहे. मुदत 36 महिने, व्याज 9 टक्के फ्लॅट आणि हप्ता 4,233 रुपये. ठेव मोडून दुरुस्ती करावी, की जुनी गाडी देऊन नवी घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे.

माझे मत आधीच सांगतो. दुरुस्ती आणि विक्री हे दोन वेगळे पर्याय आहेत असे समजून तुम्ही तुलना करत आहात, आणि तिथेच हिशेब चुकतो आहे. गाडी ठेवायची असली तरी क्लच नीट करावा लागेल आणि विकायची असली तरी तो आधी नीट करणेच फायद्याचे आहे, कारण 22,000 हा भाव चढावर न ओढणाऱ्या गाडीचा आहे. म्हणून पहिला प्रश्न पैशांचा नसून बिघाड नेमका कुठे आहे हा आहे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत 9,500 या आकड्याला फारसा अर्थ नाही.

तुमच्या पत्रात दोन गोष्टी ओघात आल्या आहेत आणि मला त्या सर्वांत महत्त्वाच्या वाटल्या. एक म्हणजे कच्च्या रस्त्यावर उभे राहून चालवता यावे म्हणून तुम्ही उंच हँडल बसवले. दुसरी म्हणजे त्यानंतर ऑइल बदलताना घरी उरलेले चारचाकीचे ऑइल वापरले. क्लच स्लिप होण्याची, म्हणजे त्याच्या प्लेटा घसरून इंजिनची ताकद चाकापर्यंत पूर्ण न पोहोचण्याची, ही दोन्ही ओळखीची कारणे आहेत, आणि दोन्हींची तपासणी जवळजवळ फुकट होते.

आधी हँडलचे पाहू. हँडल उंच झाले की जुनी क्लच केबल आखूड पडते आणि ताणली जाते. केबल ताणलेली राहिली की क्लचच्या प्लेटा दाबून धरणारी प्रेशर प्लेट किंचित उचललेली राहते, म्हणजे तुम्ही लिव्हर पूर्ण सोडली तरी क्लच थोडा दाबलेलाच असतो. लिव्हर बोटाने हलकेच ओढून पाहा. ओढ लागण्यापूर्वी लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी चाल मिळायला हवी. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाल नसेल तर लिव्हरजवळचा आणि इंजिनजवळचा असे दोन्ही अॅडजस्टर ढिले करा. मग हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण वळवून पुन्हा पाहा, कारण सरळ असताना ठीक वाटणारी केबल वळवल्यावर ताणली जाऊ शकते. अॅडजस्टरने भागत नसेल तर लांब केबल घ्यावी लागेल. हा खर्च काही शे रुपयांचा आहे.

आता ऑइल. या गाडीचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडून चालतो. चारचाकीच्या अनेक ऑइलमध्ये इंधन वाचावे म्हणून घर्षण कमी करणारी द्रव्ये घातलेली असतात, आणि क्लच प्लेटा तर घर्षणावरच चालतात. म्हणून डब्यावर जासो एमए किंवा एमए-2 (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) असे छापलेले, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे मोटरसायकलचे ऑइल भरा. जुने ऑइल काढताना ते गाळून जरूर पाहा. बारीक काळा चुरा दिसला तर प्लेटांचे लायनर, म्हणजे त्यांच्यावरचे घर्षणाचे अस्तर, झिजत आहे असे समजावे. चकाकणारे धातूचे तुकडे दिसले तर मात्र तिथेच थांबून अनुभवी मिस्त्रीला दाखवावे, कारण तेव्हा प्रश्न क्लचपुरता राहिलेला नसतो.

या दोन गोष्टी झाल्या की गाडी गरम करून एखाद्या मोकळ्या, सपाट रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये मध्यम वेगाला थ्रॉटल उघडा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच अजून घसरतो आहे. त्याच वेळी चेन आणि स्प्रॉकेट, म्हणजे चेनच्या दातेरी चाकाकडेही लक्ष द्या. घासलेल्या स्प्रॉकेटवरून चेन उडते तेव्हा खाडखाड आवाज येतो आणि झटके बसतात. क्लच मात्र गुपचूप घसरतो. हा फरक कळला नाही तर प्लेटांवर पैसे घालूनही तक्रार तशीच राहते.

केबल आणि ऑइल नीट करूनही क्लच घसरत असेल तर प्लेटा पाहाव्या लागतील, आणि इथे मी गॅरेजवाल्याच्या अंदाजाशी सहमत नाही. क्लचसाठी इंजिन फ्रेममधून उतरवावे किंवा पूर्ण खोलावे लागत नाही. ऑइल काढून उजव्या बाजूचे कव्हर उघडले की प्लेटा आणि स्प्रिंगा हाताशी येतात. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात व्हर्निअर कॅलिपर (जाडी अचूक मोजायचे साधन) असलेला माणूस मिळणे अवघड नाही, आणि तुमच्या कारखान्यात तर कॅलिपर असण्याची शक्यता मोठी आहे. लायनरच्या प्लेटांची जाडी आणि स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजून पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडून पाहा. स्टीलच्या प्लेटा काचेवर ठेवून वाकल्या आहेत का ते तपासा. निळसर झालेली प्लेट जास्त तापलेली असते, ती परत बसवू नये. नव्या लायनर प्लेटा बसवण्यापूर्वी ऑइलमध्ये भिजवून ठेवायच्या असतात, आणि स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे करून आवळायचे असतात. घाईत काम करणाऱ्या गॅरेजमध्ये हे टाळले जाते, म्हणून समोर उभे राहून करून घ्या.

पूर्ण असेंब्लीत या प्लेटांबरोबर त्या ज्यात बसतात ते हाउसिंग आणि सेंटरही येते, आणि 6,800 रुपयांतला बराचसा भाग त्यांचाच असतो. हाउसिंगच्या कडांवर प्लेटांनी खोल खाचा पाडल्या असतील तरच ते बदलण्यात अर्थ आहे, आणि तशा खाचांमुळे मुख्यतः क्लच अडकतो किंवा झटके देतो. तुमची तक्रार घसरण्याची आहे. म्हणून कव्हर उघडल्यावर खाचा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय असेंब्लीला होकार देऊ नका. प्लेटा, स्प्रिंगा, पॅकिंग आणि मजुरी यांचा वेगळा अंदाज लिहून मागा. भाग घेताना पार्ट नंबर जुळवून घ्या, कारण ही गाडी आता बनत नाही.

तोपर्यंत गाडी चढावर नेऊ नका. घसरणारा क्लच तापतो, लायनर आणखी झिजतो, स्टीलच्या प्लेटा वाकतात, आणि आज काही शे रुपयांत सुटणारे काम महिनाभरात काही हजारांवर जाते. आठवडाभर सिटीलिंकच्या बसने कामावर गेलात तर तो सर्वांत स्वस्त विमा ठरेल.

नव्या गाडीच्या कर्जाबद्दल बोलायचे तर 9 टक्के फ्लॅट याचा अर्थ 9 टक्के नव्हे. फ्लॅट पद्धतीत तीनही वर्षे पूर्ण 1,20,000 रुपयांवर व्याज लागते, मुद्दल फिटत गेले तरी. एकूण व्याज 32,400 रुपये होते आणि घटत्या शिलकीवर मोजले तर दर 16 टक्क्यांच्या थोडा वर जातो. घटत्या शिलकीवर खरोखर 12 टक्के दर असता तर हप्ता 3,986 रुपयांच्या आसपास आणि एकूण व्याज साधारण 23,500 रुपये झाले असते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 ऑक्टोबर 2024 पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी ग्राहकाला की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाच्या मुख्य अटींचा कागद) द्यावे लागते आणि त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद हातात आल्याशिवाय सही करू नका.

त्याहून मोठी अडचण तुमच्या शिलकीची आहे. हप्ता भरल्यावर 5,000 मधले 767 रुपये उरतात, म्हणजे एसआयपी बंद करावी लागेल आणि ठेवीतून 18,000 काढावे लागतील. आजारपण किंवा घरातला एखादा अचानक खर्च आला तर हाताशी फार थोडे राहील. या परिस्थितीत नवी गाडी घेऊ नये असे मला स्पष्टपणे वाटते.

ठेवही मोडायची गरज दिसत नाही. केबल आणि ऑइलचा खर्च या महिन्याच्या शिलकीतून सहज होईल. प्लेटा बदलाव्या लागल्या तरी दोन महिन्यांची शिलक पुरावी, आणि एसआयपीला हात लावावा लागणार नाही. माझ्या मते तुम्ही एकूण 6,000 रुपयांची वरची मर्यादा आत्ताच ठरवून ठेवावी. कव्हर उघडल्यावर खर्च त्यापलीकडे जाणार असे दिसले, किंवा ऑइलमध्ये धातूचे तुकडे निघाले, तर काम थांबवून गाडी आहे त्या स्थितीत विकण्याचा विचार करा. ही मर्यादा मी गाडीचे वय पाहून सुचवतो आहे. 2028 मध्ये तिच्या नोंदणीला 15 वर्षे पूर्ण होतील, त्यानंतर तपासणी करून नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवावी लागेल आणि पर्यावरण करही भरावा लागेल.

क्लच नीट झाल्यावर गाडीचा भाव पुन्हा काढा, आणि तो फक्त शोरूमला विचारू नका. या जातीच्या गाड्यांना नाशिकमध्ये हौशी लोकांची मागणी असते आणि चढ ओढणारी गाडी पाहून ते थेट चांगला भाव देऊ शकतात. मात्र सप्टेंबर 2025 मध्ये 350 सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आल्याने नव्या गाड्या स्वस्त झाल्या आहेत आणि जुन्यांच्या भावावरही त्याचा दाब आहे, तेव्हा फार मोठी अपेक्षा धरू नका. नवी गाडी घ्यायचीच असेल तर वर्षभर दर महिन्याला 3,000 रुपये वेगळ्या आवर्ती ठेवीत टाका. व्याज सोडून 36,000 रुपये जमतील, मुदत ठेव शाबूत राहील आणि कर्ज 1,00,000 च्या आसपास येईल. तेव्हा शोरूमचा कागद आणि तुमच्या बँकेचा दर शेजारी ठेवून मला पुन्हा लिहा.