उपास करा, उपास करू नका

प्रश्न: मांद्रेला एका रिसॉर्टच्या बोर्डावर वाचलं, पहिल्या ख्रिश्चनांची सेल्फ-केअर, तीन दिवस मौन, उपास न् ध्यान. शेजारची आंटी दर रविवारी इगर्जीत जाते, ती म्हणते असलं काय आम्ही ऐकलं नाय. हे खरं की टुरिस्टांसाठी रचलेलं? आणि तेव्हा सगळे एकच पद्धत पाळायचे का?
— एक वाचक, पेडणे

उत्तर: अहो, अगदीच थाप नाही ती. तिसऱ्या-चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात माणसं खरंच एकेकटी जाऊन राहिली, त्यात अँथनी सगळ्यात नावाजलेला (शिवोलीचा सायंत आंतोन तो नव्हे हां, तो पादुआचा, जवळजवळ 900 वर्षांनंतरचा). पण तिथे तेलमालिश नव्हती, टोपल्या न् दोर वळणं होतं. अँथनीला एकांताचा भयंकर कंटाळा आला तेव्हा म्हणे त्याला एक माणूस दिसला, बसून दोर वळतोय, उठून प्रार्थना करतोय, परत दोर, परत प्रार्थना, आणि आवाज आला की असंच कर म्हणजे तरशील. ह्याच कंटाळ्यावर इव्हाग्रियस नावाच्या साधूने तर बारीकसारीक लिहून ठेवलंय, सकाळी दहा ते दुपारी दोन हे भूत मानगुटीवर बसतं, सूर्य हलत नाही, दिवस 50 तासांचा वाटतो, सारखं खिडकीतून बघायचं जेवणाला किती वेळ आहे. आपण त्या वेळेला शटर ओढून झोपतो, प्रश्नच मिटला!

आणि मौन सदासर्वकाळ नव्हतंच. अँथनी शिष्यांबरोबर थट्टामस्करी करतोय बघून एक शिकारी चिडला, तर हा म्हणाला धनुष्य ओढ, अजून ओढ, अजून. शिकारी म्हणाला मोडेल की! माणसाचंही तसंच, अँथनी म्हणाला.

एकच पद्धत? छे. अँथनी एकटा, तर पाखोमियसने सगळ्यांना एकत्र ठेवून मठ चालवला, आणि सिरियात सिमिऑन तीसहून जास्त वर्षं खांबावर राहिला. उपासाचंच घ्या, दिदाखे ह्या पहिल्या ख्रिश्चनांच्या जुन्या नियमांच्या पुस्तकात बुधवार-शुक्रवार उपास करा असं आहे, आणि 1945 मध्ये इजिप्तमध्येच नाग हम्मादीला जी पुस्तकं सापडली त्यातल्या थॉमसच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो उपास कराल तर पाप ओढवून घ्याल! ते पुस्तक पुढे बायबलात आलं नाही. आज नव्या करारात जी 27 पुस्तकं आहेत तीच यादी 367 साली इजिप्तच्याच अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस ह्याने दिली, आणि गंमत बघा, अँथनीचं चरित्र लिहिणारासुद्धा हाच.

तेव्हा जायचं तर जा, फक्त बुकिंगच्या आधी विचारा, टोपल्या विणायला देणार का.