फाइल कोणत्या टेबलावर आहे?

प्रिय मित्रास,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. बहिणीच्या दिव्यांगत्वाचे प्रमाण वैद्यकीय मंडळाने 38 टक्के ठरवले आणि त्यावर अपील करून पाच महिने उलटले तरी उत्तर नाही, याचा तुला आलेला संताप मला समजतो. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात 40 टक्क्यांची अट असल्यामुळे त्या दोन टक्क्यांवर नोकरीतील आरक्षणासह बरेच काही अडते. अपिलाचा अधिकारही त्याच अधिनियमाच्या कलम 59 ने दिलेला आहे, तेव्हा अर्जातून अजीजी काढून टाक.

सरकारी कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस म्हणून सांगतो, उत्तर आले नाही म्हणजे अपील फेटाळले असे बहुधा नसते. एखादा अहवाल जोडायचा राहतो, तो मागवणारे पत्र कोणी लिहीत नाही, मधल्या काळात कारकुनाची बदली होते आणि फाइल त्याच्या कपाटात तशीच राहते. म्हणून ‘उशीर का झाला’ असे विचारू नकोस. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून सबबच मिळते. ‘फाइल आज कोणाकडे आहे’ असे विचार.

अपिलाच्या तुझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का आहे का, हे आधी पाहा. पूर्वी एका शेजाऱ्यासाठी मी मूळ क्ष-किरण चित्रे पोच न घेता एका कार्यालयात दिली होती. ती हरवली, आणि ती दिली होती हे आम्हांला कधीच सिद्ध करता आले नाही. तो क्रमांक घालून एका पानाचे स्मरणपत्र दे, अपिलाची प्रत जोड आणि त्याचीही पोच घे. महाराष्ट्रात ज्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, त्याच्या कलम 10 नुसार कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे 7 कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ प्रलंबित राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवावी लागत नसेल तर 45 दिवसांत निर्णय व्हावा. स्मरणपत्रात या कलमाचा उल्लेख एकाच वाक्यात, धमकीचा सूर न लावता कर.

तरीही हालचाल झाली नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज कर. त्यात मते किंवा कारणे मागू नकोस, कारण जे अभिलेखात आहे तेच मिळते. अपील कोणकोणत्या अधिकाऱ्याकडे किती दिवस होते, त्यावर कोणती टिपणी झाली, आणि त्या टिपणीची प्रत, एवढेच माग. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. ती टळली की पुढच्या 30 दिवसांत माहिती अधिकाराखालचे पहिले अपील कर. माझा अनुभव असा की असा अर्ज आला की उत्तर तयार करण्यासाठी तरी फाइल कपाटातून बाहेर काढावी लागते, आणि पुष्कळदा तेवढ्यानेच काम पुढे सरकते.

पुण्यातील दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करण्याची घाई मात्र नको. कार्यालयाकडून कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत, पण ते शिफारस करतात, टक्केवारी बदलत नाहीत. पोच, स्मरणपत्र आणि माहिती अधिकाराचे उत्तर हाती असेल, तेव्हाच त्या तक्रारीला वजन येईल.

सोमवारी स्मरणपत्र द्यायला कार्यालयाच्या टपाल शाखेत जाशील तेव्हा बहिणीला सोबत नेऊ नकोस. तिथले जिने तिने फेरतपासणीच्या दिवशी चढावेत. तोवर तिचे अलीकडचे उपचारांचे कागद तारखेप्रमाणे लावून ठेव.

तुझा,
काका