‘आभासी’ म्हणजे खोटे का? आणि ‘मानवकेंद्री’मधला मानव कोण?

कारखान्याची प्रशिक्षणपुस्तिका मराठीत आणताना एका वाचकाला तीन शब्द अडले आहेत: ‘इमर्सिव्ह व्हर्च्युअल वर्ल्ड’, ‘डिजिटल ट्विन’ आणि ‘ह्यूमन-सेंट्रिक’. ‘आभासी’ म्हटले की कामगाराला ते खोटे वाटेल, तेव्हा ‘व्हर्च्युअल’च ठेवावे का, ही त्यांची मुख्य शंका.

‘आभासी’ जरूर ठेवावे. हा शब्द संगणकाच्या फार आधीपासून मराठीत आहे. शाळेत प्रकाशाच्या धड्यात आपण तो शिकलो: सपाट आरशातली प्रतिमा आभासी, कारण ती पडद्यावर घेता येत नाही. तरी तिच्या भरवशावर आपण भांग पाडतो आणि तो सरळ पडतो. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘व्हिर्टुस’ आहे, म्हणजे सामर्थ्य. रूपाने नसले तरी परिणामाने असलेले ते व्हर्च्युअल. आपला ‘आभास’ आला ‘भास्’ या धातूवरून, म्हणजे चमकणे, दिसणे. हेत्वाभास (खरे कारण वाटणारे पण फसवे कारण), रसाभास (काव्यात रसाचा नुसता भास) अशा शब्दांमुळे त्याला उणेपणाची छटा आली, हे मान्य. म्हणून हे विशेषण कशाला लावायचे ते जपून ठरवावे. संगणकाने रचलेले दृश्य दाखवणारा चष्मा लावून वेल्डिंगचा सराव करताना ठिणगी आभासी, पत्राही आभासी. पण टॉर्चचा कोन, हाताचा वेग आणि त्यातून अंगी येणारे कसब खरे. तेव्हा ‘आभासी वर्कशॉप’ लिहा, ‘आभासी प्रशिक्षण’ लिहू नका.

‘इमर्सिव्ह’साठी काही जण ‘विसर्जनशील’ सुचवतात. तो शब्द वाचून मराठी माणसाला गणपती आठवणार! ‘आत शिरता येईल असे आभासी जग’ हे लांब आहे, पण पहिल्या वाचनात कळते.

चष्म्यातून समोरची खरी वस्तूच दिसत असेल आणि तिच्यावर खुणा उमटत असतील, तर मात्र ‘आभासी वास्तव’ (व्हर्च्युअल रिॲलिटी) हे नाव चालणार नाही. हा प्रकार कारखान्यातूनच आला, हे मला फार मोलाचे वाटते. विमाने बनवणाऱ्या बोइंग कंपनीत वायरिंग हार्नेससाठी, म्हणजे विमानातल्या तारांच्या बांधलेल्या जुडग्यांसाठी, कामगार मोठमोठ्या फळ्यांवर तारा मांडत. कोणती तार कुठून न्यायची हे आराखड्यात पाहायचे, मग पुन्हा फळीकडे वळायचे. तिथल्याच टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांनी १९९२ च्या निबंधात सुचवले, की डोक्यावरच्या पारदर्शक पडद्यातून तो मार्ग थेट फळीवरच दिसावा. ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ हे नाव तिथले. मराठीत ‘संवर्धित वास्तव’ रुळते आहे. पशुसंवर्धनातले संवर्धन, म्हणजे असलेल्याची वाढ. अर्थ नेमका बसतो.

‘डिजिटल ट्विन’ला ‘प्रतिकृती’ म्हणू नये. प्रतिकृती एकदा केली की तशीच राहते. इथे यंत्रावरच्या सेन्सरांकडून माहिती येत राहते आणि संगणकातले रूप तिच्याबरोबर बदलते. ‘डिजिटल जुळे’ सरळ आहे.

आता ‘ह्यूमन-सेंट्रिक’. युरोपीय आयोगाच्या २०२१ च्या ‘इंडस्ट्री ५.०’ अहवालामुळे हा शब्द फार पसरला. तंत्रज्ञानाप्रमाणे कामगाराने स्वतःला बदलत राहण्याऐवजी तंत्रज्ञानाने कामगाराच्या गरजेप्रमाणे उत्पादनाची रीत बदलावी, असे त्यात म्हटले आहे. ‘मानवकेंद्री’ हे शब्दशः बरोबर. पण पर्यावरणावरच्या मराठी लेखनात ‘मानवकेंद्री’ हा ठपका असतो: जंगल, नदी, प्राणी सगळे माणसासाठीच, असे मानणारा तो मानवकेंद्री. त्याच अहवालात शाश्वतता हाही एक आधारस्तंभ आहे, त्यामुळे हा गोंधळ तिथे विशेष खटकतो. शिवाय मशीनवर उभ्या असलेल्या बाईला ‘मानव’ म्हटले की ती धूसर होते. तिची पाठ, तिची कामाची पाळी, तिचा अनुभव त्यात दिसत नाही. म्हणून पुस्तिकेत ‘कामगारकेंद्री’ लिहा, आणि अहवालाचे नाव देताना तेवढे ‘मानवकेंद्री’ राहू द्या.