सेवा-अध्ययन प्रकल्पाचे नेतृत्व विद्यार्थ्यांकडे सोपवताना शिक्षकाने कुठे थांबावे?

१४-१५ वर्षांच्या मुलांकडे सेवा-अध्ययन प्रकल्पाची, म्हणजे समाजाची एखादी खरी गरज भागवता भागवता शिकण्याच्या उपक्रमाची, सूत्रे द्यायची असतील तर शिक्षकाने नेमके काय करावे आणि कुठे थांबावे, असे आपण विचारले आहे. अशा गटांची मार्गदर्शक म्हणून मी बरीच वर्षे काम करते आहे आणि माझे मत स्पष्ट आहे: मुलांच्या हाती सर्वांत आधी द्यायचे ते गरज शोधण्याचे काम. बहुतेक ठिकाणी मोठी माणसे नेमके तेच आधी उरकून टाकतात; विषय, जागा, तारीख सारे ठरलेले असते आणि मुलांनी फक्त कामाला लागायचे असते. त्याला श्रमदान म्हणता येईल, नेतृत्व नव्हे.

आमच्या एका गटाने वृद्धाश्रमात गाण्यांचा कार्यक्रम करायचे ठरवले होते. आधी दोन दुपारी तिथे नुसते जाऊन बसा, एवढेच मी सुचवले. दुसऱ्या दुपारी एका आजींनी उशीखालून गोळ्यांची पाकिटे काढली आणि म्हणाल्या, "यातली सकाळची कोणती, तेवढं वाचून सांगा रे." तो बारीक मजकूर मुलांनाही डोळ्यांजवळ धरूनच वाचता आला. गाण्यांचा बेत मागे पडला आणि पाकिटांसाठी मोठ्या अक्षरांची लेबले करायचे ठरले. पहिल्या लेबलांची शाई ओल्या हातांनी पसरली. पुढच्या खेपेस एका लेबलावर सकाळ आणि रात्र यांची अदलाबदल झालेली तिथल्या परिचारिकेने चिकटवण्यापूर्वीच पकडली.

आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर या दोन चुकांतच आहे. शाई पसरणार हे मला आधीच दिसत होते, तरीही मी गप्प राहिले. परिचारिकेने तपासल्याशिवाय एकही लेबल लावायचे नाही, ही अट मात्र मी पहिल्या दिवसापासून घातली होती, कारण ज्या चुकीने दुसऱ्याच्या जिवाला अपाय होऊ शकतो, ती शिकण्याच्या नावाखाली होऊ देता येत नाही. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ मध्ये या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, म्हणजे मुलांचा वापर करून घेणे, त्यांना शोभेसाठी उभे करणे आणि नावापुरते विचारणे यांना, ते सहभाग मानतच नाहीत. आणि सर्वांत वरच्या पायरीवरही मोठी माणसे बाजूला झालेली नसतात, तर पुढाकार मुलांचा असतो आणि निर्णय दोघे मिळून घेतात. हे मला फार महत्त्वाचे वाटते.

चिंतनाची वही, म्हणजे कामात काय अनुभवले आणि काय वाटले ते लिहायची वही, सक्तीची ठेवा, पण तिला गुण देऊ नका. गुण दिले की मुले शिक्षकाला आवडेल तेच लिहू लागतात. आमच्या गटातल्या एका मुलाने लिहिले होते, "आजींनी आमचे लेबल काढून टाकले, मला राग आला." त्यावर गटात तासभर बोलणे झाले. ज्यांची सेवा करायची, त्या सेवेवर ताबाही त्यांचाच हवा, हे सेवा-अध्ययनाच्या सुरुवातीच्या अभ्यासकांपैकी एक असलेल्या रॉबर्ट सिग्मन यांनी १९७९ मध्ये मांडलेले तत्त्व मी तेव्हा मुलांना सांगितले, पण आजींकडे परत जाऊन विचारायचे, हे त्यांचे त्यांनीच ठरवले. आजी पाकिटे रंगावरून ओळखत होत्या आणि लेबलाने नेमका तो रंग झाकला होता. त्यानंतर मुलांनी लेबलाचा आकार निम्म्यावर आणला आणि ते कुठे लावायचे, हे प्रत्येकाला विचारूनच लावले.