आरएनए कुटुंबांचं काम सुरू करतेयस? आधी एवढं बघ

अगं, नाशिकमध्ये बसून हे जमेल का, ही शंका आधी काढून टाक. आरफॅम म्हणजे आरएनए कुटुंबांचा, म्हणजे एकाच मुळातून आलेल्या सारख्या रचनेच्या आरएनएंच्या गटांचा, डेटाबेस. त्याचा सगळा डेटा मोफत आहे आणि अशा कुटुंबांचे सदस्य शोधणारं सॉफ्टवेअर, इन्फर्नल, साध्या लिनक्स लॅपटॉपवर चालतं. कॉलेज रोडवरच्या खोलीतूनही सुरुवात होते.

पहिलं कुटुंब छोटं घे. सीड अलाइनमेंट (कुटुंबातले निवडक सिक्वेन्स, म्हणजे अक्षरांचे क्रम, जुळणाऱ्या जागा एकाखाली एक येतील असे मांडलेले) ओळ न् ओळ स्वतः तपास, सगळी मदार तिच्यावरच. आरएनएत अक्षरं (ए, यू, जी, सी) बदलतात, पण रचनेत एकमेकांशी जुळणाऱ्या दोन अक्षरांची जोडी टिकते: एका जीवात जी-सी, तर दुसऱ्यात त्याच जागी ए-यू. अशा बदललेल्या जोड्या दिसल्या की रचनेवर भरवसा ठेवता येतो. नवे लोक इथेच घाई करतात. जवळपास सारखेच सिक्वेन्स भरतात आणि कुटुंब मोठं झालं म्हणून खूश होतात. अलाइनमेंटवरून इन्फर्नल जे मॉडेल बनवतं, त्याला त्यातून नवं काहीच मिळत नाही.

दुसरी चूक कटऑफची, म्हणजे किती स्कोअरच्या वरचा हिट (शोधात सापडलेला सिक्वेन्स) कुटुंबात धरायचा त्या मर्यादेची. यादी लांबावी म्हणून तो खाली ओढू नकोस. स्कोअरप्रमाणे लावलेली यादी वाच, पहिला खोटा हिट कुठे येतो ते बघ, कटऑफ त्याच्या वर ठेव.

आणि एका कुटुंबाला एकदा दिलेला ओळख-क्रमांक दुसऱ्या कुटुंबाला कधीच देऊ नकोस. लोकांनी तो शोधनिबंधात छापलेला असतो.

वेबसाइट, सर्व्हर सगळं नंतर. पहिली अलाइनमेंट झाली की पाठव, बसून बघू.