डिसेंबरात माझं लग्न आहे. त्याआधी नाकाची सर्जरी करून घेऊ का? दुखतं का, किती दिवस लागतात, खर्च किती?

लग्नाच्या आधी करू नका. बाकीचं वाचायला सवड मिळेल न मिळेल, म्हणून हे आधीच सांगते.

मी एकतिसाव्या वर्षी पुण्यात करून घेतली, त्याला आता सात वर्षं होतील. माझ्या नाकाच्या मधोमध उंचवटा होता आणि शेंडा खाली झुकलेला. समोरून फारसं कळायचं नाही, बाजूने बघितलं की पोपटाची चोच. हेच नाक बाबांचं, हेच ताईचं. श्वास घ्यायला काही त्रास नव्हता. मला ते आवडत नव्हतं म्हणून केलं. एवढं कारण पुरतं, हे मी आजही ठामपणे म्हणते.

दुखत फारसं नाही. पूर्ण भूल देतात, माझं अडीच तास चाललं. उंचवटा काढला की वरचा भाग सपाट आणि रुंद दिसायला लागतो, म्हणून दोन्ही बाजूंची हाडं कापून आत सरकवतात. त्याने डोळ्यांखाली काळंनिळं होतं, मग हिरवट-पिवळं होत दोन आठवड्यांत जातं. खरा छळ नाक चोंदण्याचा. रात्रभर तोंडाने श्वास, घशाला कोरड, उशांचा ढीग लावून अर्धवट बसून झोप. नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, वाकायचं नाही, डोक्यावरून कपडे घालायचे नाहीत. पुढून बटणं असलेले दोन गाऊन आधीच घेऊन ठेवा. चष्मा असेल तर सहा आठवडे तो नाकावर टेकवायचा नाही. मी चिकटपट्टीने कपाळाला टांगून ऑफिसचं काम केलं.

आईचे गुडघे धरलेले, म्हणून ताई साताऱ्याहून आठ दिवस रजा काढून आली. तिला हे अजिबात पटलेलं नव्हतं. फोनवर म्हणाली होती, ‘‘बाबांना जाऊन वर्ष नाही झालं आणि तू त्यांचं नाक कापायला निघालीस.’’ तरी आली. वरचा ओठ ताठरला होता, मला नीट चावता येत नव्हतं, तर मऊ भात तुपात कालवून चमच्याने भरवायची. केस धुऊन द्यायची, मान मागे टाकून, प्लास्टरवर पाण्याचा थेंब न पडू देता. पण त्या विषयावर एक शब्द नाही.

सातव्या दिवशी प्लास्टर काढलं. डॉक्टर पट्टी कडेकडेने भिजवत सोडवत होते. खालची कातडी तेलकट, पापुद्रे सुटलेली, नाक सुजून रुंद आणि शेंडा वर उचललेला. आरशात बघितलं आणि पोटात गोळा आला. हे सगळ्यांचं होतं. शेंडा पुढे खाली बसतो, सूज उतरते, पण त्या क्षणी कोणी कितीही सांगितलं तरी मनाला पटत नाही. मी ताईकडे बघितलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, ‘‘म्हणजे इतकी वर्षं माझ्याकडे बघून तुला हेच वाटत होतं का?’’

मला काही सुचेना. आदल्याच आठवड्यात ती म्हणाली होती की नाकं बदलायची ही फॅडं बाहेरून आलेली. मी तेवढंच पकडलं आणि तिला कावसजीची गोष्ट सांगत बसले. इंग्रजांच्या फौजेसाठी बैल हाकणारा मराठा गडी. 1792च्या लढाईत टिपूच्या लोकांच्या हाती लागला, त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने मेणाचं नाक करून ते कपाळावर सपाट पसरलं, त्याच्या कडेने रेघ मारली, तेवढी कातडी सोडवून खाली वळवली आणि नवं नाक बसवलं. 1794 साली लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये ते छापून आलं, आणि वीस वर्षांनी कार्प्यू नावाच्या इंग्रज सर्जनने तिकडे तसंच ऑपरेशन केलं. म्हणजे गेलं ते इथूनच तिकडे.

ताईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘‘त्याचं टिपूच्या लोकांनी कापलं होतं. तुझं कुणी कापलं होतं?’’

तेव्हा गप्प बसले. आता बोलते. बाबांच्या नाकाला लोक करारी म्हणायचे. तेच नाक आम्हा दोघींना आलं, तर बघायला येणारे म्हणायचे, ‘‘बाकी सगळं छान आहे हो.’’ ताईने ते ऐकून घेतलं आणि त्याच नाकाने ताठ मानेने जगली, त्याबद्दल तिचा मला आदर आहे. पण तिने सोसलं म्हणून मीही सोसायला हवं होतं, हे मला मान्य नाही. बाबा माझ्या नाकात नव्हते. माझं अक्षर त्यांचं आहे, चहात आलं ठेचून घालायची पद्धत त्यांची आहे. आणि ताई, तुझं नाक मला कधीच वाईट दिसलं नाही. तुझ्या तोंडावर ते शोभतंच. हे मी रिक्षात म्हणायला हवं होतं, आणि मी बैलगाड्यांच्या गोष्टी सांगत बसले.

आता डिसेंबर. डोळ्यांना दिसणारी बरीचशी सूज महिन्या-दोन महिन्यांत उतरते, पण शेंडा पूर्ण बसायला वर्ष लागतं, कातडी जाड असेल तर त्याहून जास्त. सकाळी सुजलेलं, संध्याकाळी बरं, असंही चालतं. शिवाय तुम्हाला नथ घालायची असणार. माझ्या शेंड्याला आठ महिने बधिरपणा होता, चापाची नथ किती आवळली गेली ते कळायचंसुद्धा नाही. लग्न होऊ द्या, मग सावकाश करा.

खर्चाचा माझा आकडा सात वर्षांपूर्वीचा, तो सांगून उपयोग नाही. सौंदर्यासाठी केलेल्या सर्जरीला विमा मिळत नाही. नाकातला पडदा वाकडा असून श्वास अडत असेल तर त्या भागाचं विमा कंपनीला आधी विचारा. मी पहिल्यांदा गेले त्या क्लिनिकमध्ये कॉम्प्युटरवर माझा फोटो गोंडस करून दाखवला आणि हनुवटीचंही पॅकेज गळ्यात मारायला निघाले. तिथून उठून आले, तुम्हीही या. प्लास्टिक सर्जरीत एमसीएच ही पदवी घेतलेला किंवा नाकाच्याच सर्जरी सतत करणारा कान-नाक-घशाचा सर्जन बघा, आणि त्याने केलेल्या नाकांचे वर्षानंतरचे फोटो मागा. काहींना दुसऱ्यांदा करावी लागते, तीही निदान वर्षभर थांबून. सिगारेट ओढत असाल तर काही आठवडे आधीपासून बंद, नाहीतर जखम नीट भरत नाही. मी डॉक्टर नाही, माझ्या नाकाला झालं तेच तुमच्या नाकाला होईल असंही नाही.

तुमचं नाक कोणावर गेलंय ते लिहिलं नाहीत. आईवर की बहिणीवर? तिला सांगितलंत का?